सोफा परका, मांजर आपलं

प्रिय ताई,

आमच्या राहत्या घरातल्या जुन्या पाइपलाइन बदलायचं काम निघालं, म्हणून आम्ही चार महिन्यांसाठी एक फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेतला. आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा, अकरा महिन्यांची रांगणारी मुलगी, आठ वर्षांचा कुत्रा मोती आणि तीन वर्षांचा बोका गोट्या. करारात ‘एक पाळीव प्राणी चालेल’ असं आहे. मोतीबद्दल मालकांना सांगितलं होतं, गोट्याबद्दल नाही. वाटलं, मांजर काय, पडून राहील कुठेतरी. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे.

पाच आठवडे झाले. गोट्या पहिले चार दिवस पलंगाखालून बाहेरच आला नाही. आता येतो, पण पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीवर त्याने दोनदा लघवी केली. मालकांच्या फिकट रंगाच्या सोफ्याच्या हातावर नखांचे ओरखडे आहेत. आम्ही बाहेर पडलो की मोती भुंकतो. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा येऊन गेल्या, एकदा भुंकण्यावरून आणि एकदा मुलाच्या धावण्यावरून. मुलाच्या घोट्यांपाशी लाल पुळ्या आल्यात, त्या कशाने ते कळत नाही. तो रोज विचारतो, “आपण घरी कधी जायचं?” आणि मी दिवसभर ‘हात लावू नकोस’, ‘चढू नकोस’, ‘उतर’ एवढंच बोलते, कधी मुलाला, कधी मांजराला.

नवरा म्हणतो, गुपचूप साफ करू, राहिलेले महिने निघून जातील. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

– तात्पुरती

* * *

प्रिय तात्पुरती,

सोफा, मालक, खालच्या बाई, हे सगळं नंतर. आधी गोट्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुमच्या पत्रात लघवीची काळजी गादीपुरती आहे. मला ती बोक्याची वाटते. जागा बदलली की मांजरं घाबरतात आणि भलतीकडे लघवी करतात हे खरं, पण त्याच ताणाने त्यांच्या मूत्राशयाला सूजही येते, आणि दुखतंय म्हणून लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या, खोक्याऐवजी मऊ गादी शोधणारी मांजरं पुष्कळ असतात. त्यातून बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबते. तो खोक्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, विव्हळतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तर मग प्रश्न जागेचा. मांजराला घर कळतं ते वासाने. ते गाल नि हनुवटी दाराच्या कडांना, खुर्चीच्या पायांना, तुमच्या पोटऱ्यांना घासत फिरतं तेव्हा जागोजागी आपली खूण ठेवत असतं. फर्निश्ड घरात त्याची एकही खूण नसते. असतात त्या आधी राहून गेलेल्यांच्या, त्यांच्या कुत्र्या-मांजरांच्या, आणि त्या आपल्या नाकाला येतही नाहीत. आपण आपल्या घरातून आणतो काय, तर कपडे, लॅपटॉप आणि औषधांचा डबा. गाद्या, चादरी, पडदे, पायपुसणी, सगळं मालकांचं. म्हणजे गोट्यासाठी त्या घरात ओळखीचं असं काही नव्हतंच, तुमच्याशिवाय. पलंगाखालचे चार दिवस त्याने शहाणपणानेच काढले म्हणायचे.

तर काम बघायला पुढच्या वेळी जुन्या घरी जाल तेव्हा तिथली एखादी न धुतलेली गोधडी घेऊन या, त्याचं जुनं खोकं नि झोपायची टोपली घेऊन या. सगळ्या घरात मोकळं सोडण्याऐवजी त्याला पुन्हा एक खोली द्या, शक्यतो तुमच्या झोपण्याची, आणि तिथून हळूहळू दार उघडा. पाहुण्यांच्या खोलीचं दार मात्र बंद. लिटरची खोकी दोन ठेवा. मांजरं जितकी त्याहून एक खोकं जास्त, असं प्राण्यांचे डॉक्टर सांगतात आणि ते एका मांजरालाही लागू आहे. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते, तुमचं खोकं वॉशिंग मशीनशेजारी असणार. सगळ्यांचं तिथेच असतं. मांजर बसलेलं असताना एकदा का ते मशीन घरघरायला लागलं की पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं ते ठरवून टाकतं.

गादीवर फिनेल, अमोनियावालं क्लीनर, ब्लीच यातलं काहीही ओतू नका. लघवी कुजताना अमोनियाच तयार होतो, त्यामुळे अमोनियाचा वास म्हणजे मांजराला ‘इथेच करायची’ असं आमंत्रण. आणि ब्लीच लघवीवर पडलं की त्यातून श्वासाला घातक वायू निघतो. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं. ते भरपूर ओतायचं, लघवी जितकी खोल गेली तितकं खोल मुरू द्यायचं, आणि घाईने पुसायचं नाही. लघवीतलं युरिक आम्ल नुसत्या साबण-पाण्याने जात नाही, म्हणून वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली की परत येतो. जिथे नक्की डाग आहे ते कळत नसेल तिथे अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, डाग चमकतो. मनाची तयारी ठेवा. तुमचे नसलेलेही बरेच चमकतील. वास दडवायला सुगंधी तेलांचं डिफ्यूझर लावलं असेल तर काढा. टी ट्रीसारखी तेलं मांजराला विषारी असतात. आणि मालकांनी स्वागताला फुलदाणी ठेवली असेल नि तिच्यात लिली असतील तर त्या आजच घराबाहेर. लिलीचा परागही पोटात गेला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

झालं गोट्याचं. आता तुमच्या एका वाक्याकडे येते.

‘थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे.’ हे वाक्य पत्रात तुम्ही एकदाच लिहिलंय, पण मला वाटतं त्या घरात ते रोज दहा वेळा बोललं जात असणार. खरवडायला खांब आणायचा? राहू दे, थोडेच दिवस. दाराला बेबी गेट? थोडेच दिवस. खालच्या बाईंशी ओळख करून घ्यायची? कशाला, थोडेच दिवस. मालकांना सांगायचं? पुन्हा तेच. तुम्ही आणि तुमचा नवरा कॅलेंडर बघू शकता म्हणून तुम्हाला हे दिवस थोडे वाटतात. तुमच्या मुलीच्या आजवरच्या आयुष्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा तुकडा म्हणजे हे चार महिने. ती पहिलं पाऊल बहुधा याच घरात टाकेल, याच सोफ्याला धरून. गोट्याला तर पुढच्या आठवड्याचीही कल्पना नाही. त्याच्या लेखी तुम्ही कायमचे इथे राहायला आलात, आणि आल्यापासून त्याच्यावर ओरडताय.

हे मी उंटावर बसून सांगत नाही. मी स्वतः सात महिने अशा घरात काढलेत, दोन वर्षांची मुलगी आणि म्हातारी कुत्री घेऊन. पहिल्याच दिवशी सोफ्यावर प्लॅस्टिक चढवलं. ते इतकं करकरायचं आणि पाठीला चिकटायचं की आम्ही सगळे जमिनीवर बसायचो आणि सोफा आमच्याकडे बघत राहायचा. फरशी गुळगुळीत होती. कुत्रीचे मागचे पाय सरकायचे, ते मला दिसायचं, आणि मी रबरी मॅट आणायचं टाळत राहिले, कारण अर्थात थोडेच दिवस. दोन महिन्यांनी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाईनाशी झाली. तेव्हा कुठे मी व्यायामाच्या चार मॅट आणून तिच्या टोपलीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत वाट केली. पंधरा मिनिटांचं काम होतं ते. अजून आठवलं की अपराधी वाटतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की उरलेले पावणेतीन महिने या घरात पाहुण्यासारखं चवड्यांवर राहू नका. भाडं भरताय, बिऱ्हाड मांडा. पण बिऱ्हाड मांडायचं तर आधी मालकांशी खरं बोलावं लागेल.

तुमच्या नवऱ्याची योजना मला कळते, मोहही कळतो. पण गुपचूप काही राहत नाही. कधी नळ दुरुस्तीला माणूस येतो, कधी मालक भेट देतात, आणि खिडकीत बसलेला गोट्या सगळ्या गल्लीला दिसतो. लघवीचा वास दमट दिवशी स्वतःच चुगली करेल. याहून महत्त्वाचं एक कारण आहे, त्याचा कुणी विचार करत नाही. मांजराच्या लाळेतून आणि कातडीतून अंगावरच्या केसांवर जाणारं एक प्रथिन असतं, त्याची अनेकांना ॲलर्जी असते. ते धुळीच्या कणांहून हलकं, सोफ्यात, गाद्यांत, पडद्यांत मुरून बसतं, आणि मांजर गेल्यावरही ते मांजर नसलेल्या घराच्या पातळीला यायला पाच-सहा महिने लागू शकतात. अशी घरं कधी रिकामी राहत नाहीत. तुमच्यामागून दम्याचा त्रास असलेलं एखादं लेकरू त्याच गादीवर झोपायला येणार असेल. घरात मांजर नव्हतं असं मालक त्याच्या आईला छातीठोकपणे सांगतील, कारण त्यांना तसंच माहीत असेल.

सांगायचं कसं? लेखी आणि थोडक्यात. गोट्या किती गोड आहे हे लिहू नका, दहा वेळा माफीही मागू नका. असं काहीसं चालेल:

“नमस्कार. घर घेताना मी तुम्हाला फक्त कुत्र्याबद्दल सांगितलं होतं. आमच्याकडे एक मांजरही आहे आणि ते पहिल्या दिवसापासून इथे आहे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, चूक माझी आहे. त्याने पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीवर दोनदा लघवी केली, आणि सोफ्याच्या एका हातावर ओरखडे आहेत. फोटो सोबत पाठवते. गादी साफ करतोय. डाग किंवा वास राहिला तर भरून देऊ. मांजराला ठेवायला तुमची परवानगी हवी आहे. त्यासाठी वेगळं डिपॉझिट किंवा निघताना व्यावसायिक साफसफाई हवी असेल तर कळवा.”

हे पाठवायच्या आधी करार पुन्हा एकदा वाचा. सूचना न देता प्राणी ठेवला तर काय, ते त्यात बहुधा लिहिलेलं असतं. मालक चिडतील. काही मालक ‘हो’ म्हणून जास्तीचे पैसे मागतील. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: हे पैसे परत मिळणारं डिपॉझिट आहे, एकदाच द्यायची न परतणारी रक्कम आहे, की दरमहा वाढीव भाडं? तिन्हींना लोक सर्रास ‘पेट चार्ज’ म्हणतात आणि भांडणं मग निघताना होतात. क्वचित ते सरळ ‘नाही’ म्हणतील. तसं झालं तर ओळखीच्या कुणाकडे गोट्याची राहण्याची सोय करावी लागेल आणि तुम्ही तिथे जाऊन त्याला भेटाल. वाईट आहे, पण सामान बांधायच्या आदल्या दिवशी उघडं पडण्यापेक्षा परवडलं. त्याच संदेशात, जमलं तर, मुदतवाढीचंही विचारून ठेवा. चार महिन्यांत पाइपलाइनचं काम संपेल असं तुम्हाला कुणी सांगितलं, कंत्राटदाराने ना? मग विचाराच. अशी घरं पुढच्या तारखांना आधीच ठरून जातात, आणि दोन मुलं, कुत्रा, मांजर असं लटांबर घेऊन ऐनवेळी दुसरं घर शोधणं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

फोटोंवरून आठवलं. घरात शिरल्या दिवशी तुम्ही प्रत्येक खोलीचं चित्रण केलं होतं का? नसेल तर आज करा. पाच आठवडे उशिरा का होईना, तारखेसकट मालकांना पाठवून ठेवा. गादी उलटून तिची खालची बाजूही घ्या, कपाटांचे आतले कोपरे घ्या, टेबलांचे पृष्ठभाग तिरक्या उजेडात घ्या. मी घर सोडलं तेव्हा टेबलावरच्या पांढऱ्या गोल डागाचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. तो डाग आमचा नव्हता. पण माझ्याकडे सोफ्याचे सतरा फोटो होते आणि टेबलाचा एकही नव्हता. आणि हेही लक्षात असू द्या की वापराने होणारी झीज वेगळी नि नुकसान वेगळं. गालिचा चालून चालून दबला, पडद्याचा रंग उडाला, ही झीज, तिचे पैसे भाडेकरूकडून मागणं रास्त नाही. नखांचे ओरखडे हे नुकसान. ते आपलं, ते भरायचं. पण चार वर्षं जुन्या सोफ्याला नव्या सोफ्याची किंमत लावत असतील तर शांतपणे बोला.

आता मुलाच्या घोट्यांवरच्या पुळ्या. डॉक्टरांना दाखवा, मी काही डॉक्टर नाही. पण पाळीव प्राणी चालणाऱ्या घरात घोट्यांभोवती पुळ्या म्हटलं की मला आधी पिसवा आठवतात. आणि त्या मोतीनेच आणल्या असं लगेच धरून चालू नका. पिसूचा कोष रिकाम्या घरात, गालिच्याच्या धाग्यांत, सोफ्याच्या फटींत महिनोन् महिने निपचित पडून राहू शकतो. माणसं आली, पावलांचे हादरे बसले, अंगाची ऊब नि उच्छ्वास जाणवला की त्यातून भुकेली पिसू बाहेर पडते. नवीन भाडेकरूला वाटतं आपलंच कुत्रं घाणेरडं. दारातून सरळ गालिच्यावर पांढरे मोजे घालून दहा मिनिटं फिरा. मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसले तर शंका मिटली. मग गालिचा, सोफा, गाद्यांच्या कडा रोज व्हॅक्युम करायच्या, कचऱ्याची पिशवी लगेच घराबाहेर टाकायची, चादरी कढत पाण्यात धुवायच्या, आणि दोन्ही प्राण्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध लावायचं. मोतीचं औषध गोट्याला लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो. पिसवा निघाल्या तर तेही मालकांना कळवा. घर त्यांच्याकडून तसं मिळालं असेल तर फवारणीचं त्यांनी बघायचं. अशा फवारणीच्या वेळी मुलं नि प्राणी दोन्ही घराबाहेर हवेत. तेव्हाच हेही विचारून घ्या की कपाटामागे, सिंकखाली उंदरांचं किंवा झुरळांचं औषध ठेवलेलं आहे का. मालकांनी दोन वर्षांपूर्वी ठेवलेलं असतं आणि ते स्वतः विसरलेले असतात. रांगणारं मूल आणि नाक खुपसणारा कुत्रा नेमके तिथेच पोचतात.

‘हात लावू नकोस’ बंद कसं करायचं? ज्याला हात लावायचा नाही ते दिसेनासं करून. एक दुपार काढा. काचेचं टीपॉय, शोभेच्या वस्तू, फिकट गालिचा, नाजूक दिवे, उशांची ती निरुपयोगी रांग, सगळं एका कपाटात किंवा बंद खोलीत. त्याआधी प्रत्येक वस्तू होती त्या जागी असल्याचा फोटो, म्हणजे निघताना जशीच्या तशी मांडता येईल. मालकांना विचारलं तर काही वस्तू ते स्वतःच घेऊन जातील, त्यांनाही त्या फुटायला नकोच असतात. घर जरा उघडंबोडकं दिसेल. दिसू द्या. सोफ्यावर धुता येणारी जाड चादर किंवा ताणून बसणारं कव्हर घाला, माझ्यासारखं प्लॅस्टिक नको. गोट्याने ज्या हाताला ओरखडलंय त्याला अगदी चिकटून खरवडायचा खांब ठेवा. घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या खांबाकडे मांजर ढुंकून बघत नाही. खांब इतका उंच हवा की मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता येईल, आणि इतका जड हवा की डगमगणार नाही. तो हलला की मांजर पुन्हा सोफ्याकडे. नखांची टोकंही कापत चला.

मुलीसाठी मात्र रांगून बघा. खरंच, गुडघ्यांवर या आणि घरभर फिरा. दुसऱ्याने सजवलेलं घर लहान मुलाच्या उंचीवरून वेगळंच दिसतं. पडद्यांच्या, ब्लाइंडच्या लोंबणाऱ्या दोऱ्या उंच बांधून टाका, गळ्याला फास बसायला क्षण पुरतो. टीव्ही खणांच्या कपाटावर नुसता टेकवलेला असेल तर खाली उतरवा. कपाट भिंतीला स्क्रूने बांधायला मालकांची परवानगी मागा. बहुतेक देतात, भोक बुजवून देऊ म्हटलं तर नक्कीच. तोवर जड सामान खालच्या खणांत. मालकांच्या रिमोटमध्ये, किचनच्या वजनकाट्यात, शोभेच्या दिव्यांत चपटे बटण सेल असतात. ते गिळले गेले तर दोन तासांत अन्ननलिका जळू लागते, म्हणून सैल झाकणाचं काहीही तिच्या हाताला लागू देऊ नका आणि नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. घराबरोबर पाळणा मिळाला असेल तर त्याच्या दांड्यांमधली फट मोजा, ६ सेंटीमीटरहून जास्त नको. गादी आणि कडेमध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको. तिला सोफ्यावर झोपवू नका. गीझरचं तापमान ५० अंशांच्या आत आणा. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत भाजतं, तिला त्याहून लवकर. बाल्कनीत मालकांनी खुर्च्या-टेबल मांडलंय ना? कठड्यापासून ते हलवा, तुमचा पाच वर्षांचा त्यावर चढेल. बेबी गेट दाबून बसवायचं मिळतं, त्याला भिंतीत भोक लागत नाही. एक गेट लिटरच्या खोक्यांसाठी हवंच, आणि खोकी रोज साफ करा. टोक्सोप्लाझ्मा या रोग पसरवणाऱ्या परजीवीचा धोका मांजराच्या विष्ठेत असलाच तर तो साधारण एका दिवसानंतर सुरू होतो.

दुसरं गेट मोतीसाठी. हो, तो आठ वर्षांचा आहे, शांत आहे, मुलांना ओळखतो. लहान मुलांना कुत्री चावतात ती बहुतेक घरातली किंवा ओळखीचीच असतात. नव्या जागी त्याचाही जीव टांगणीला लागलेला आहे, आणि त्याला अशी एक जागा हवी जिथे रांगत कुणी येणार नाही. मोती आणि मुलगी या दोघांना क्षणभरही एकटं सोडू नका.

तो भुंकतो कधी, हे आधी शोधा. जुना मोबाइल चालू ठेवून बाहेर पडा. पुष्कळ कुत्री दार लागल्यापासून पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतात. मोती तसा असेल तर मिनिटभर बाहेर जाऊन या, मग दोन, मग चार, तो अस्वस्थ व्हायच्या आत परत. हे कंटाळवाणं आहे आणि त्याला काही आठवडे लागतात. परत आल्यावर रागावून काही उपयोग नाही, त्याला त्याचा संबंध लागत नाही. जर तो जिन्यातल्या पावलांना भुंकत असेल तर काम सोपं आहे. त्याची बसायची जागा दारापासून लांब न्या आणि जाताना रेडिओ चालू ठेवा.

खालच्या बाईंकडे तुम्ही स्वतः जा, त्या तिसऱ्यांदा यायच्या आत. मुलाला घेऊन जा. त्यांना विचारा, तुम्हाला कुठल्या वेळी जास्त त्रास होतो? बऱ्याचदा उत्तर अगदी नेमकं येतं, दुपारी अमुक ते अमुक, झोपायची वेळ. तेवढे दोन तास मुलाला खाली न्या किंवा चित्रकलेला बसवा, बाकीच्या वेळी थोडं धावू द्या. जाड गालिच्याने खेळणी पडल्याचा आवाज बराच कमी होतो, टाचा आपटत धावण्याचा तितका नाही. हेही त्यांना प्रामाणिकपणे सांगा. आपला नंबर देऊन या. मोती भुंकला की त्यांनी कळवावं म्हणून.

आणि तुमचा मुलगा. ‘आपण घरी कधी जायचं’ याला ‘चार महिन्यांनी’ हे उत्तर पाच वर्षांच्या मुलासाठी उत्तरच नाही. उरलेल्या आठवड्यांइतके चौकोन एका मोठ्या कागदावर आखा, दर रविवारी एक त्याला रंगवू द्या. काम लांबलं तर चौकोन वाढवावे लागतील. तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुम्हाला खोटं पाडेल. जुन्या घरी काम बघायला जाताना एकदा त्यालाही न्या, खोदलेल्या भिंती दाखवा. घर आजारी आहे नि बरं होतंय हे त्याला डोळ्यांनी दिसलं की विचारणं कमी होईल. आणि त्या फ्लॅटमध्ये एखादी जागा पूर्णपणे त्याची करा, जिथे ‘हात लावू नकोस’ लागू नाही. फ्रीजचं दार घ्या. कागद, चित्रं, मोती नि गोट्याचे फोटो, जे हवं ते लावू दे.

फक्त लोहचुंबकाने. टेप लावलीत तर निघताना तिचा डिंक खरवडत बसाल.